ड्रॉपडाउनमधल्या ओळी स्वतः रंगवताय? मग तोच तो बग परत परत का येतो ते बघा

तीच तक्रार तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हटलं आता जरा नीट बसूया. आमच्या एका जुन्या विनफॉर्म्स (विंडोजची डेस्कटॉप ॲप्स बनवायचं डॉटनेटचं टूलकिट) ॲप्लिकेशनमध्ये एक कॉम्बोबॉक्स आहे, म्हणजे दाबलं की यादी उघडते तो डबा, कामाची स्थिती निवडायचा, प्रत्येक ओळीत डावीकडे छोटा रंगीत चौकोन आणि पुढे नाव, एवढंच. पण "निवडलेली ओळ निळी होत नाही" म्हणून बग यायचा, कोणीतरी दुरुस्त करायचं, आमच्या मशीनवर चालायचं, बंद करायचो, आणि महिन्याभराने दुसऱ्याच कोणाच्या मशीनवर परत तेच. मध्येच "दिवसभर चालतं आणि संध्याकाळी ॲप बसतं" असाही एक बग होता, तो कोणी या कॉम्बोशी जोडलाच नव्हता, पण त्याचंही मूळ इथेच निघालं. तर या सगळ्याचं जे काही सापडलं ते एकत्र लिहून ठेवतोय, कारण मी स्वतःच सहा महिन्यांनी विसरणार आहे.

सगळ्यात आधी बेसिक. ड्रॉआयटम इव्हेंट, म्हणजे एकेक ओळ काढायची वेळ आली की कंट्रोल (इथे कॉम्बोबॉक्स) बोलावतो तो आपला कोड, लिहिला आणि काहीच होत नाही, असं असेल तर ड्रॉमोड ही प्रॉपर्टी बघा. तो नॉर्मलवर असेल तर तुमचा इव्हेंट कोणी बोलावतच नाही, एरर पण येत नाही, गुपचूप नेहमीसारखी यादी दिसते. ओनरड्रॉफिक्स्ड किंवा ओनरड्रॉव्हेरिएबल करावं लागतं, ओनरड्रॉ म्हणजे ओळी आपण स्वतः काढायच्या. सगळ्या ओळी एकाच उंचीच्या असतील तर फिक्स्डच घ्या, व्हेरिएबलच्या भानगडी वेगळ्या आहेत, त्या खाली येतीलच.

आता खरी गोष्ट. ड्रॉआयटम म्हणजे रबरी शिक्का आहे. कंट्रोल सांगतो की ही अमुक नंबरची ओळ, या चौकटीत, या अवस्थेत उमटव, आणि तुम्ही उमटवता. कुठल्या क्रमाने बोलावेल, किती वेळा बोलावेल, मागच्या वेळी काय काढलं होतं, याचा काही भरवसा धरायचा नाही. माउस एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेला की दोन ओळी परत काढल्या जातात, जुनी साधी होते आणि नवी निळी होते. आम्ही काय केलं होतं, "शेवटची निळी ओळ कोणती" हे एका व्हेरिएबलमध्ये जपून ठेवलं होतं आणि त्यावर पुढचा रंग ठरवत होतो. चुकीचंच होतं, फक्त दहापैकी नऊ वेळा बरोबर दिसायचं म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. ते व्हेरिएबल उडवलं तिथेच अर्धी तक्रार गेली.

डीबग करताना एक गंमत होते ती सांगून ठेवतो. ड्रॉआयटममध्ये ब्रेकपॉइंट (कोड मध्येच थांबवायची खूण) लावू नका. ब्रेकपॉइंटवर थांबलं की फोकस एडिटरकडे जातो, यादी मिटते, पुढे चालवलं की परत सगळं काढायला येतं, परत ब्रेकपॉइंट, असं गोल गोल फिरत बसता. त्याऐवजी आउटपुट विंडोत एक ओळ छापा: इंडेक्स (ओळीचा नंबर), स्टेट (अवस्था), बाउंड्स (चौकट). बस. आमचा बग ही ओळ छापल्यावर दोन मिनिटांत दिसला, त्याआधी आम्ही दोन दिवस घालवले होते.

छापल्यावर पहिली गोष्ट दिसली ती इंडेक्स -१. स्टाइल ड्रॉपडाउनलिस्ट असेल, म्हणजे नुसतं निवडता येतं आणि टाइप करता येत नाही तो प्रकार, तर मिटलेल्या अवस्थेत दिसणारा वरचा डबासुद्धा याच इव्हेंटमधून काढला जातो. आणि काहीच निवडलेलं नसेल तर त्याचा इंडेक्स -१ येतो. तुम्ही सरळ आयटम्समधून त्या नंबरचा आयटम काढायला गेलात की एक्सेप्शन. आमच्या फॉर्मवर लोड होतानाच पहिला आयटम निवडला जायचा म्हणून आम्हाला हे कधी दिसलंच नाही, पण एक "साफ करा" बटन होतं, ते दाबलं की निवड काढली जायची आणि मग धाड. ज्याला बटनाची सवय होती त्यालाच तो बग दिसायचा.

यावर लोक वरच एक इफ टाकतात, इंडेक्स शून्यापेक्षा कमी असेल तर रिटर्न. तेही अर्धवट आहे, कारण मग बॅकग्राउंड काढलंच जात नाही आणि डब्यात आधीच्या निवडीचा कचरा राहतो. आधी ड्रॉबॅकग्राउंड (इव्हेंटसोबत येणारा, ओळीचं बॅकग्राउंड रंगवणारा तयार मेथड), मग इंडेक्सची तपासणी, मग रिटर्न. क्रम एवढाच.

आणि स्टाइल नुसती ड्रॉपडाउन असेल, म्हणजे टाइपही करता येतं, तर वरचा डबा हा खराखुरा टेक्स्टबॉक्स असतो, तो तुमच्या इव्हेंटकडे येतच नाही. "यादीत आयकॉन दिसतो पण निवडल्यावर वर दिसत नाही" याचं उत्तर हेच. तिथे ओनरड्रॉने आयकॉन येणार नाही, टायपिंगची गरज नसेल तर स्टाइल बदला, गरज असेल तर आयकॉनचा नाद सोडा. वरचा डबा आणि खालची यादी वेगवेगळी काढायची असेल तर स्टेटमध्ये कॉम्बोबॉक्सएडिट नावाचा फ्लॅग (हो-नाही सांगणारी खूण) असतो, तो लागलेला असेल तर तुम्ही डबा काढताय.

आता स्टेट. आमच्या "निळी होत नाही"वाल्या बगचा उरलेला अर्धा भाग इथे होता. कोडमध्ये मुळात लिहिलं होतं की स्टेट बरोबर सिलेक्टेड असेल तर निळं काढ. दिसायला किती सरळ. पण स्टेट ही एक किंमत नसते, अनेक फ्लॅगांची बेरीज असते. सिलेक्टेड म्हणजे १, फोकस म्हणजे १६, नोॲक्सिलरेटर २५६, नोफोकसरेक्ट ५१२. माउसने यादी उघडून ओळीवर गेलो की आउटपुटमध्ये ७८५ छापलं जात होतं. म्हणजे १ अधिक १६ अधिक २५६ अधिक ५१२. त्याची तुलना १ शी केली तर कशी जुळणार?

गंमत म्हणजे पहिल्यांदा ज्याने हे दुरुस्त केलं त्याने छापून बघितलं, त्याच्याकडे १७ आलं, त्याने सिलेक्टेड अधिक फोकस अशी तुलना लिहिली आणि बग बंद केला. तो सगळं काम कीबोर्डवरून करणारा माणूस. कीबोर्डने फिरलं की विंडोज फोकसची तुटक चौकट आणि अक्षरांखालच्या रेघा दाखवायला लागतं, मग ते दोन "नो" फ्लॅग उतरतात आणि १७ येतं. माउसवाल्याला ७८५. झालं, त्याच्याकडे चालतंय, बाकीच्यांकडे नाही, आणि दोघंही खरं बोलतायत! अशा वेळी माणसं एकमेकांच्या मशीनला शिव्या घालतात, ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करून बघा वगैरे सांगतात, आम्हीही सांगितलं होतं.

बरोबर पद्धत म्हणजे अँड करून फक्त सिलेक्टेडचा बिट तपासायचा, किंवा हॅजफ्लॅग वापरायचं. त्याहून बरं म्हणजे तपासायचंच नाही. इव्हेंटसोबत जो बॅककलर आणि फोरकलर येतो तो निवडलेल्या ओळीसाठी आधीच सिस्टिमचा हायलाइट रंग आणि त्यावरचा अक्षराचा रंग घेऊन येतो. ड्रॉबॅकग्राउंड बोलवा, अक्षरं फोरकलरने काढा, शेवटी ड्रॉफोकसरेक्टँगल बोलवा, ते स्वतःच फ्लॅग बघून चौकट काढायची की नाही ठरवतं. आमच्या कोडमधले चार इफ गेले. शिवाय ज्यांनी हाय कॉन्ट्रास्ट थीम लावलीय त्यांनाही यादी वाचता येते, पांढऱ्यावर काळं असं ठोकून लिहिलं की त्यांचं वाटोळं होतं.

अक्षरं हळूहळू जाड होत जातात, वरून माउस फिरवला की ठळक ठळक दिसायला लागतात, हेही बऱ्याच जणांना होतं. कारण बॅकग्राउंड पुसलं नाही. कडा मऊ केलेली अक्षरं जुन्यावरच परत काढली की कडा गडद होत जातात. ड्रॉबॅकग्राउंड पहिलं. सगळ्या ओळी पहिल्याच ओळीवर गिचमिड होऊन येत असतील तर तुम्ही शून्य-शून्यपासून काढताय, बाउंड्सचे एक्स आणि वाय घ्या.

मजकुराबद्दल दोन गोष्टी. डेटासोर्स लावलेला असेल, म्हणजे यादी डेटाच्या टेबलवरून भरत असेल, आणि तुम्ही आयटमवर टूस्ट्रिंग केलं तर प्रत्येक ओळीत "सिस्टिम डॉट डेटा डॉट डेटारोव्ह्यू" दिसतं. गेटआयटमटेक्स्ट वापरा, ते डिस्प्लेमेंबर (आयटममधलं काय दाखवायचं ते सांगणारी प्रॉपर्टी) बघून बरोबर नाव देतं. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. समजा तुमचे आयटम म्हणजे स्वतःच्या क्लासचे ऑब्जेक्ट आहेत आणि ड्रॉ करताना तुम्ही त्यातलं नाव काढून छान दाखवताय, डिस्प्लेमेंबर दिलेला नाही, टूस्ट्रिंग लिहिलेलं नाही. डोळ्यांना सगळं ठीक दिसतं. पण पहिलं अक्षर दाबून ओळीवर उडी मारायला गेलात तर काही होत नाही, आणि स्क्रीन रीडर प्रत्येक ओळीला क्लासचं नाव वाचून दाखवतो. कारण विंडोजच्या यादीत जे साठवलंय ते वेगळं आणि तुम्ही रंगवताय ते वेगळं. रंगवल्याने साठवलेलं बदलत नाही. डिस्प्लेमेंबर द्या, एका ओळीचं काम आहे.

अक्षरं काढायला ड्रॉस्ट्रिंग की टेक्स्टरेंडरर, तर माझं मत टेक्स्टरेंडरर, कारण विनफॉर्म्सचे बाकीचे कंट्रोल साधारण त्यानेच काढलेले असतात आणि ओळी शेजारच्या लेबलशी जुळतात. फक्त नोप्रीफिक्स फ्लॅग विसरू नका. नाहीतर मजकुरातलं ॲम्परसँड गायब होतं आणि पुढच्या अक्षराखाली रेघ येते. एंडएलिप्सिस आणि व्हर्टिकलसेंटर पण लावा.

आता ते संध्याकाळचं प्रकरण. तक्रार अशी की सकाळी ॲप मस्त, दुपारनंतर कुठेकुठे बटनं नीट दिसत नाहीत, आणि संध्याकाळी "जेनेरिक एरर इन जीडीआय प्लस" म्हणून मरतं (जीडीआय ही विंडोजची चित्र काढायची यंत्रणा, जीडीआय प्लस तिची नंतरची आवृत्ती). एरर कधी या फॉर्ममध्ये, कधी रिपोर्टमध्ये, कधी कुठल्यातरी भलत्याच ठिकाणी, त्यामुळे सगळे एरर आलेली जागा तपासत बसले. टास्क मॅनेजर उघडा, डिटेल्स टॅब, कॉलमच्या शीर्षकावर राइट क्लिक करून "जीडीआय ऑब्जेक्ट्स" हा कॉलम लावा. मग ॲपमध्ये ती यादी उघडा, माउस वरखाली फिरवा आणि आकडा बघा. आमच्याकडे प्रत्येक हालचालीला चढत होता आणि खाली येतच नव्हता. विंडोज एका प्रोसेसला डीफॉल्टने १०,००० जीडीआय ऑब्जेक्ट देतं, ते संपले की जो पुढचा मागायला जाईल तो मरतो. म्हणजे गळती एकीकडे आणि मयत दुसरीकडे.

गळती कुठे होती, तर रंगीत चौकोन. कोणीतरी दर वेळी ड्रॉआयटममध्ये नवा बिटमॅप बनवत होतं, त्याचा गेटएचबिटमॅप काढत होतं आणि त्यापासून परत इमेज. गेटएचबिटमॅपने जे हँडल (विंडोजच्या ऑब्जेक्टचा ओळखक्रमांक) मिळतं ते गार्बेज कलेक्टर, म्हणजे डॉटनेटची आपोआप साफसफाई करणारी यंत्रणा, कधीही साफ करत नाही, डिलीटऑब्जेक्ट हाताने बोलवावं लागतं. आता हिशोब करा, यादी उघडली की आठ ओळी, मग माउस पाच-सहा ओळींवरून गेला की प्रत्येक वेळी दोन-दोन, म्हणजे एकदा स्थिती निवडायला साधारण वीस शिक्के. पाचशे वेळा निवडलं की दहा हजार. दिवसभर त्याच फॉर्मवर बसणाऱ्या माणसाला पाचशे म्हणजे काहीच नाही. आणि आम्ही टेस्टिंग करताना पाच वेळा उघडून "ओके" म्हणत होतो. तो सगळा बिटमॅपचा खेळ काढून सरळ फिलरेक्टँगलने चौकोन भरला, तीन ओळींचा कोड, आकडा जागेवर थांबला.

एक गैरसमज इथे दुरुस्त करतो, कारण मलाही होता. नवा सॉलिडब्रश (रंग भरायचा ब्रश) करून डिस्पोज न केल्याने, म्हणजे काम झाल्यावर तो सोडून न दिल्याने, हा कॉलम चढत नाही. तो जीडीआय प्लसचा ऑब्जेक्ट आहे, त्याची मेमरी वेगळी जाते आणि कधीतरी फायनलायझर ती सोडवतो. म्हणजे डिस्पोज करू नका असं नाही, यूझिंगमध्येच ठेवा (त्याने डिस्पोज आपोआप होतं), पण "सगळीकडे यूझिंग लावलं तरी आकडा चढतोय" असं असेल तर ब्रश सोडून गेटएचबिटमॅप, गेटएचआयकॉन, टूएचफॉन्ट असे "एच"वाले मेथड शोधा. आणि अतिउत्साहात सिस्टिमब्रशेसमधला ब्रश डिस्पोज करू नका, एक्सेप्शन येतं. इव्हेंटमधून आलेला फॉन्ट आणि ग्राफिक्सही तुमचे नाहीत, त्यांनाही हात लावायचा नाही.

इमेजलिस्ट वापरत असाल तर अजून एक. इमेजेसमधून नंबर देऊन चित्र काढलं की दर वेळी नवीन बिटमॅपची कॉपी मिळते, तेच चित्र परत मिळतंय असं वाटतं पण तसं नसतं. इमेजलिस्टचाच ड्रॉ मेथड आहे, ग्राफिक्स आणि जागा आणि नंबर द्या, कॉपी न करता काढतो. आणि ड्रॉआयटममध्ये फाइलमधून चित्र वाचणाऱ्यांना मी काय बोलू.

उंचीचा त्रास मराठी मजकुरात जास्त दिसतो. ओनरड्रॉफिक्स्डमध्ये आयटमहाइट तुम्ही जी दिली ती दिली, फॉन्ट मोठा केला म्हणून ती वाढत नाही. स्क्रीन १५० टक्क्यांवर असेल, म्हणजे १४४ डीपीआय, तर ९६ वर, म्हणजे १०० टक्क्यांवर, १६ पिक्सेल पुरत होते तिथे २४ लागतात. नाही दिले तर "र्कीं" सारख्या अक्षरात वरचा रफार आणि अनुस्वार उडतो किंवा "कू" सारख्या अक्षरात खालचा उकार अर्धा कापला जातो. इंग्रजी अक्षरं त्याच उंचीत आरामात बसतात, म्हणून इंग्रजीत टेस्ट करणाऱ्याला कळतच नाही. शिवाय फॉन्ट सेगो यूआय दिलेला असेल तर त्यात देवनागरी नाही, विंडोज मागच्या मागे दुसऱ्या फॉन्टमधून अक्षरं आणतं, पण तुम्ही फॉन्टची उंची विचारली तर सेगोचीच सांगतं. मी सरळ कॉम्बोला निर्मला यूआय फॉन्ट दिला आणि आयटमहाइट त्या फॉन्टच्या उंचीवरून, वर थोडी मोकळी जागा धरून काढली. चौकोनाचा आकार आणि मधली जागासुद्धा डिव्हाइसडीपीआयवरून मोजा, नाहीतर मोठ्या अक्षरांशेजारी मोहरीएवढा चौकोन दिसतो. डॉटनेट फ्रेमवर्क ४.७ पासून ही प्रॉपर्टी आहे.

व्हेरिएबलच्या भानगडी म्हटलं होतं त्या अशा. मेझरआयटम इव्हेंट फक्त व्हेरिएबलमध्येच येतो, आणि तो प्रत्येक वेळी काढताना येत नाही. आयटम यादीत पडताना किंवा कंट्रोलचं हँडल तयार होताना उंची एकदा विचारली जाते आणि लक्षात ठेवली जाते. म्हणजे नंतर तुमचा मजकूर एका ओळीवरून दोन ओळींचा झाला तरी जागा जुनीच. रिफ्रेश मारून उपयोग नाही, त्याने फक्त शिक्के परत उमटतात, मोजमाप होत नाही. कॉम्बोबॉक्सपासून स्वतःचा क्लास काढून रिफ्रेशआयटम्स बोलवा, ते प्रोटेक्टेड आहे म्हणून बाहेरून बोलवता येत नाही. किंवा आयटम काढून परत भरा, दिसायला गावठी पण चालतं.

रुंदी: यादी आपोआप रुंद होत नाही. ड्रॉपडाउन इव्हेंटमध्ये सगळ्यात लांब मजकूर मोजा, त्यात चौकोन आणि मोकळी जागा मिळवा, आयटम मॅक्सड्रॉपडाउनआयटम्सपेक्षा जास्त असतील तर स्क्रोलबारची रुंदीही मिळवा, आणि ड्रॉपडाउनविड्थला द्या. स्क्रोलबार विसरला की शेवटची दोन अक्षरं त्याच्याखाली जातात, हमखास.

हेच दुखणं दुसऱ्या टूलकिटमध्येही फक्त नाव बदलून भेटतं. जावा स्विंगमध्ये लिस्टसेलरेंडरर असतो, तिथेही मिटलेल्या डब्यासाठी इंडेक्स -१ येतो, आणि एकच कंपोनंट सगळ्या ओळींना शिक्क्यासारखा वापरला जातो. एका ओळीत आयकॉन लावला आणि पुढच्या ओळीत काढला नाही तर तिथेही तो दिसणार, म्हणून इफ लिहिला की एल्समध्ये उलटं लिहायचंच. निवडलेल्या ओळीचा रंग येत नसेल तर तुम्ही जेलेबलपासून स्वतः रेंडरर बनवलाय आणि सेटओपेक ट्रू केलेलं नाही. क्यूटीमध्ये डेलिगेट (ओळी काढणारा ऑब्जेक्ट) लिहिला की फक्त उघडलेली यादी बदलते, मिटलेला डबा क्यूकॉम्बोबॉक्स स्वतः काढतो, तो बदलायचा तर त्याचा पेंटइव्हेंट ओव्हरराइड करावा लागतो. तिथे डेलिगेटमध्ये तासन्तास शोधून काही मिळत नाही.

आमचा बग बंद झाल्यावर चार दिवसांत नवीन आला: "बाकीचे कॉम्बो राखाडी बटनासारखे दिसतात आणि हा एकटाच पांढरा का?" त्याचं उत्तर असं की ड्रॉपडाउनलिस्टला ओनरड्रॉ केलं की विंडोजची थीम मिटलेल्या डब्याचा तो बटनासारखा लूक देत नाही. तो बग मी "असंच असतं" म्हणून बंद केला, आणि यावेळी तो परत उघडला गेलेला नाही.